दहा रुपयाच्या तिकिटामागचा हिशोब

परवा सकाळी वडणग्याकडून कोल्हापुरात येणाऱ्या बसमध्ये होतो, शिवाजी पूल ओलांडून बस गंगावेशीकडं निघाली आणि कंडक्टर तिकिटं काढत माझ्यापर्यंत आला. माझ्या पुढच्या सीटवर एक मावशी, पायाशी मेथी-कोथिंबिरीची पाटी, कपिलतीर्थाच्या मंडईत विकायला चाललेल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून वीसची नोट दिली, कंडक्टरकडं सुट्टे नव्हते, त्यानं तिकिटाच्या मागं पेनानं राहिलेले पैसे लिहिले, खाली एक गोल केला आणि म्हणाला, "उतरताना घ्या मावशी, विसरू नका." शेजारी कॉलेजचं एक पोरगं मोबाईलवर पैसे पाठवत होतं, ते चक्र फिरतंय फिरतंय, पोरगं हात खिडकीबाहेर काढून रेंज बघतंय, मागं चारजण तिकिटाला थांबलेत. शेवटी गेले पैसे. दोघांचंही तिकीट निघालं, पण मी उतरेपर्यंत त्या दोन तिकिटांचाच विचार करत होतो, कारण यातलं कुठलं तिकीट गाडीला स्वस्तात पडलं याचं उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही आणि हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अकाउंट्स बघतो. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका शहराच्या मोबाईल तिकिटाचं टेंडर निघालं होतं, आमच्या साहेबांनी भरायचं ठरवलं आणि कॉस्टिंग माझ्याकडं आलं. ते काम काही आम्हाला मिळालं नाही, पण तो महिनाभर जो हिशोब मांडला तो डोक्यातून गेलेला नाही. त्यात माझे मामा सिटी बसला अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होते, त्यामुळं दोन्ही बाजू घरातच ऐकायला मिळाल्या.

लोकांना वाटतं मोबाईलवर तिकीट म्हणजे कागद वाचला, मशीन वाचलं, म्हणजे फुकटच की. तसं नसतं. मोबाईल तिकीट चालवायचं म्हणजे सर्व्हर लागतो, ॲप सतत अपडेट करायला माणसं लागतात, पैसे घेणारी गेटवे कंपनी लागते, कंडक्टरकडं तिकीट तपासायचं मशीन लागतं, त्यात सिमकार्ड, त्याचा महिन्याचा डेटा, बॅटरी, पडलं फुटलं तर रिपेअरी. आणि कागद वाचतच नाही, कारण निम्मे लोक रोखीनंच तिकीट काढणार, म्हणजे तिकिटाच्या कागदी रोलचा खर्च चालूच राहणार. थोडक्यात पहिली काही वर्षं दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवायच्या आणि दोन्हीचा खर्च सोसायचा. टेंडरमध्ये हे कुणी लिहीत नाही, सगळे नुसती बचत लिहितात.

पण सगळ्यात मोठा खर्च मला ज्यात दिसला तो म्हणजे तक्रारी. हे माझ्याच बाबतीत घडलं. मागच्या वर्षी एका दुसऱ्या शहरात बसच्या ॲपवर पंधरा रुपयाचं तिकीट काढलं, पैसे कट झाले, तिकीट आलंच नाही. कंडक्टर भला माणूस, त्याला मेसेज दाखवला, पण त्याच्या मशीनमध्ये एंट्री नाही म्हणल्यावर तो तरी काय करणार, चेकर आला तर त्याच्यावर येणार. मी परत पंधरा रुपये रोख दिले. मग हेल्पलाईनला दोन फोन, एक ईमेल, पाच दिवसांनी पैसे परत आले. आता बघा, माझे फोन घेणाऱ्या माणसाचा पगार, त्याच्यापुढच्या माणसानं बँकेची यादी ताडून बघण्यात घालवलेला वेळ, हे सगळं धरलं तर त्या एका पंधरा रुपयाच्या तिकिटामागं पंधरा रुपयापेक्षा जास्त खर्च झाला असणार यात मला शंका नाही. विमानाच्या तिकिटात असली तक्रार खपून जाते, बसच्या तिकिटात ती शेकडो चांगल्या तिकिटांची कमाई खाऊन टाकते.

म्हणजे मुद्दा असा की बसचं तिकीट फार छोटं असतं. रक्कम छोटी आणि संख्या प्रचंड. आणि पैसे इकडून तिकडं नेण्याचा खर्च रकमेप्रमाणं लहान होत नाही, दहा रुपये पाठवायला आणि दहा हजार पाठवायला कॉम्प्युटरला काम सारखंच.

रेल्वेचं उदाहरण घ्या. आयआरसीटीसीवर स्लीपरचं तिकीट काढून यूपीआयनं पैसे भरले तर सुविधा शुल्क १० रुपये, एसीला २० रुपये, वर जीएसटी. कोल्हापूर ते मुंबई महालक्ष्मीचं तिकीट काढताना त्या दहा रुपयांचं कुणाला काही वाटत नाही, घरबसल्या बर्थ मिळतोय. पण तेच दहा रुपये म्हणजे सिटी बसचं अख्खं एक तिकीट. त्यामुळं लांब पल्ल्याच्या गाडीचं मॉडेल उचलून सिटी बसला लावता येत नाही, एक रुपया सुविधा शुल्क लावलं तरी दहा रुपयाच्या तिकिटावर ते दहा टक्के झालं, आणि मग माणूस सरळ खिशातून नोट काढतो नाहीतर खाली उतरून वडापात, म्हणजे शेअर जीप-रिक्षात बसतो. वडापवाला सुविधा शुल्क मागत नाही.

मग हा खर्च कोण देणार, तर जगात याचे दोन-तीन रस्ते निघालेत.

एक रस्ता म्हणजे विक्रीवर टक्केवारी. अमेरिकेत बॉस्टनच्या लोकल रेल्वेनं २०१२ च्या शेवटी मोबाईल तिकीट सुरू केलं, मसाबी नावाच्या कंपनीनं ते बसवून दिलं आणि कंपनीला मोबाईल विक्रीचे २.८ टक्के मिळायचे असं ठरलं होतं. त्यांना ते परवडलं कारण त्यांच्या बऱ्याच छोट्या स्टेशनांवर तिकीट मशीनच नव्हती, सगळीकडं बसवायची म्हणजे केवढा खर्च, त्यापेक्षा प्रवाशाच्या खिशातला फोनच मशीन झाला. तपासणीसुद्धा साधी, गार्डानं स्क्रीनवरचं तिकीट डोळ्यानं बघायचं, स्कॅनरची सक्ती नाही. ही आयडिया मला त्या काळात फार आवडली होती. पण तिथलं तिकीट डॉलरमध्ये आहे आणि अंतर लांबचं, त्यामुळं पावणेतीन टक्क्यांत कंपनीचं पोट भरतं. आपल्याकडं दहा रुपयाचे २.८ टक्के म्हणजे २८ पैसे, त्यात सर्व्हर, माणसं, मशीन, हेल्पलाईन सगळं बसवायचं.

दुसरा रस्ता म्हणजे तिकिटामागं ठराविक पैसे. समजा तिकिटामागं २० पैसे ठरले आणि दिवसाला पन्नास हजार तिकिटं निघाली, तर दिवसाचे दहा हजार आणि वर्षाचे साडेछत्तीस लाख रुपये. ऐकायला जास्त वाटत नाही. पण नीट बघा, चाळीस रुपयाच्या तिकिटावर २० पैसे म्हणजे अर्धा टक्का, दहाच्या तिकिटावर दोन टक्के, पाचच्या हाफ तिकिटावर चार टक्के. मुंबईत बेस्टनं २०१९ मध्ये किमान तिकीट ५ रुपये केलं होतं आणि मे २०२५ मध्ये ते १० झालं, त्या मधल्या काळातच म्हणजे २०२१ च्या शेवटी त्यांनी चलो कंपनीबरोबर ॲप आणि कार्ड आणलं. पाच रुपयाच्या तिकिटावर अशी व्यवस्था चालवायची म्हणजे पैशा-पैशाचा हिशोब लागतो. आणि तिकिटाला शून्य रुपये असतील तर? एसटीत पंचाहत्तरच्या वरच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, पण मशीनमधून त्यांचं शून्याचं तिकीट निघतंच, निघायलाच पाहिजे, कारण त्यावरच एसटी सरकारकडं पैसे मागणार. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, तिथंही तेच. तिकिटामागं पैसे हा करार असेल तर या शून्याच्या तिकिटावरही बसनं कंपनीला पैसे द्यायचे. आणि टक्केवारीचा करार असेल तर कंपनीला त्या आजीच्या तिकिटातून काहीच मिळत नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. करार कसा लिहिलाय त्यावर कंपनीचं लक्ष कुठं राहणार हे ठरतं. टक्केवारी असेल तर कंपनी लांबच्या, महागड्या, एसी रूटवर मशीनं चकाचक ठेवणार आणि खेड्याकडं जाणाऱ्या गाडीतलं मशीन आठवडा आठवडा बंद राहणार. तिकिटामागं पैसे असतील तर कंपनीला पास नकोसा वाटतो, कारण पास महिन्याला एकदाच विकला जातो आणि सुटं तिकीट रोज दोनदा. पण प्रवाशाला पास पाहिजे असतो, बसलाही पासच पाहिजे असतो कारण महिन्याचे पैसे आधीच हातात येतात. म्हणजे कंपनीचं हित एकीकडं आणि प्रवाशाचं दुसरीकडं, यात कंपनीचा वाईटपणा असेल असं नाही, कराराचा कागदच तसा आहे.

कार्डाचा एक वेगळाच धंदा असतो. लोक कार्डात शंभर, दोनशे रुपये भरून ठेवतात आणि हळूहळू वापरतात, त्या मधल्या काळात ती सगळी रक्कम कुठंतरी पडून असते. एकाचे शंभर म्हणजे काही नाही, लाखभर लोकांचे शंभर म्हणजे एक कोटी. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ मध्ये निघालं ते वाहतुकीसाठी, पुढं त्यावर दुकानात खरेदी चालू झाली आणि दुकानदारांकडून मिळणाऱ्या पैशावर ते कार्ड आणखी भक्कम झालं. आपल्याकडं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड ४ मार्च २०१९ ला आलं ते याच विचारानं, एकच कार्ड मेट्रोला, बसला, दुकानात. त्याचा मला आवडणारा गुण वेगळा आहे, पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात त्यामुळं घाटात रेंज गेली तरी तिकीट निघतं, त्या पोराला खिडकीबाहेर हात काढावा लागत नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं वाहतुकीपुरतं कार्ड असेल तर केवायसीशिवाय द्यायची परवानगी दिली, मर्यादा ३००० रुपये. पाटी घेऊन येणाऱ्या मावशीला आधार-पॅनची झेरॉक्स न मागता कार्ड देता येईल, ही मोठी गोष्ट आहे.

आणि यूपीआय? यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे पेमेंटमागं कापायचं बँकेचं शुल्क, घेत नाहीत, शून्य. म्हणून आपल्याला ते फुकट वाटतं. पण बँकांना ते चालवायला खर्च येतोच, त्यासाठी केंद्र सरकार पैसे देतं, २०२४-२५ साठी १५०० कोटींची योजना होती, छोट्या दुकानदाराला केलेल्या २००० रुपयांपर्यंतच्या पेमेंटवर बँकांना ०.१५ टक्के. म्हणजे कुणीतरी देतंयच. आज ते सरकार देतंय, उद्याचं सांगता येत नाही, आणि शहराच्या बसनं सगळा डोलारा "यूपीआय फुकट आहे" यावर उभारला तर ज्या दिवशी तो नियम बदलेल त्या दिवशी त्यांच्या हिशोबात भोक पडेल.

रोख तरी फुकट आहे का, तर तीही नाही. मामा सांगायचे, ड्युटी संपली की खरं काम सुरू. तिकिटांचा ट्रे घेऊन बसायचं, प्रत्येक किमतीच्या ब्लॉकचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, वजाबाकी, वेबिलात म्हणजे दिवसाच्या हिशोबाच्या कागदात लिहायचं, मग चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, फाटक्या वेगळ्या, कॅशच्या खिडकीला लाईन लावून भरणा. अर्धा-पाऊण तास रोज. लहानपणी मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो, मला त्यांनी एक-एक रुपयाची नाणी दहा-दहाच्या थप्प्या लावायला दिली होती, बोटं काळी झाली होती माझी. प्रत्येक कंडक्टरचा तो पाऊण तास, मोजणारे कारकून, बँकेत नेणारी गाडी, याचा खर्च तिकिटात लपलेला असतो, तो कुठं वेगळा लिहिलेला नसतो एवढंच. लंडनमध्ये जुलै २०१४ मध्ये बसमध्ये रोख घेणंच बंद केलं, तोपर्यंत रोख देणारे शंभरात एकसुद्धा उरले नव्हते, आणि तेवढ्यानंही वर्षाला २.४ कोटी पौंड वाचतील असं त्यांनी सांगितलं होतं. पण आपल्याकडं ते करू नये असं माझं ठाम मत आहे. इथं रोख देणारा माणूस शंभरात एक नाही, अख्खी गाडी आहे. आणि अंबाबाईला आलेला परगावचा भाविक, आयुष्यात एकदा रंकाळ्याला नाहीतर जोतिबाला बसनं जाणार, तो काय ॲप डाऊनलोड करत बसणार?

लंडनची दुसरी गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे आणि ती मला कळली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. २०१२ पासून तिथं बसमध्ये साधं बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं. पण प्रत्येक वेळी टेकवलं की बँकेतून पैसे जात नाहीत. दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा, रात्री सगळं एकत्र करून एकच रक्कम कट होते, आणि दिवसाची एक मर्यादा ठरलेली, त्याच्यावर एक पेनीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे बँकेचा खर्च पाच वेळा नाही, एकदाच. माणसालाही आधी विचार करायला नको की पास काढू का सुटं तिकीट.

आणि हे वाचताना मला आमची गावाकडची दूध संस्था आठवली. आपल्या जिल्ह्यात हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, लिटर आणि फॅट लागलं की त्याची नोंद होते, रोज कुणी पैसे हातात देत नाही, दहा दिवसांनी बिल. आज्जी दोन लिटर घालते, पाटील वीस लिटर घालतात, दोघांनाही तोच कायदा. त्या दहा दिवसांत वीस वेळा दूध गेलं तरी पैशाचा व्यवहार एकदाच, त्यातनंच पेंडीचं पोतं वजा, ॲडव्हान्स वजा, राहिलेलं हातात नाहीतर खात्यावर. छोट्या-छोट्या रकमांचा हजारो घरांचा हिशोब कमी खर्चात कसा ठेवायचा हे कोल्हापूर जिल्ह्याला लंडनच्या किती आधीपासून जमतंय. मग बसचंही तसंच का नको? प्रत्येक प्रवाशाचं एक खातं, कार्ड असो, फोन असो, नाहीतर नुसता मोबाईल नंबर सांगायचा असो. चढलं की नोंद. पैसे आधीच खात्यात भरलेले असले की उधारीचा प्रश्न नाही, भरायचे तर पानपट्टीत, किराणा दुकानात, कंडक्टरकडं रोखीनं भरता यावेत. आणि महिन्याच्या पासाएवढे पैसे झाले की पुढचा प्रवास आपोआप पासात. गेटवेला पैसे तिकिटाला नाही, भरण्याला. शंभर रुपये एकदा भरले आणि दहा वेळा प्रवास केला तर पेमेंटचा खर्च दहा पटीनं कमी, तक्रारीही तेवढ्याच कमी, कारण पैसे अडकायची जागा एकच राहिली.

आणि कंपनीला द्यायचे पैसे ना टक्केवारीनं ना तिकिटामागं. गाडीमागं नाहीतर किलोमीटरमागं द्यावेत, मशीन चालू असलेल्या दिवसाचे पैसे, बंद असलेल्या दिवसाचे कापायचे. डिझेल, टायर, ऑईल जसं चालवण्याच्या खर्चात धरतात तसंच तिकिटाची व्यवस्था धरायची. हे काही माझं स्वप्न नाही, बस चालवण्याचे करार तसे होतातच. पीएम ई-बस सेवा ही केंद्राची योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, १०,००० इलेक्ट्रिक बस, कोल्हापूरलाही त्यातून १०० बस मंजूर झाल्या, त्यात बस चालवणाऱ्या कंपनीला किलोमीटरप्रमाणं पैसे मिळतात, गाडीत माणसं दहा असोत का साठ. मग तिकिटाचं मशीनही त्याच मापानं मोजा की. असं केलं की कंपनीला कागलची गाडी आणि विद्यापीठाची गाडी सारखी, शून्याचं तिकीट आणि चाळीसचं तिकीट सारखं. आणि प्रवास कुठून कुठं झाला ही माहिती मात्र करारातच शहराच्या नावावर लिहून घ्यायला पाहिजे, कारण कुठल्या टप्प्यावर किती माणसं चढतात हे कळलं तरच रूट बदलता येतो, आणि करार संपल्यावर कंपनी बदलली तर दहा वर्षांची वही तिच्याबरोबर निघून जाता कामा नये.

हे सगळं मी रविवारी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "सगळं बरोबर हाय बाळ, पण सुट्टे नसल्यावर मी तिकिटाच्या मागं ल्ह्यायचो. तुझ्या ॲपला मागची बाजू कुठं हाय?" मी म्हणलं मामा, तेच तर खातं. मावशीनं वीस दिले, तिकीट दहाचं, राहिलेले दहा तिच्या नंबरावर जमा, परत येताना त्यातनंच तिकीट. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग तिच्या हातात कायतरी कागुद पायजे, आकडा दिसला पायजे, नायतर बाई विश्वास ठेवायची न्हाई. त्यांचं खरं आहे. दूध संस्थेतही मशीनवर फॅट दिसतं तरी बायका चिठ्ठी घेतल्याशिवाय हलत नाहीत. म्हणजे रोलचा खर्च परत हिशोबात धरला, तेवढा तो असायलाच पाहिजे.

मंगळवारी परत त्याच बसनं जायचंय. त्या मावशी भेटल्या तर विचारणार आहे, घरात म्हैस आहे का, दूध कुठं घालता आणि चिठ्ठी किती दिवस जपून ठेवता.